२२/७ मधला ७ कुठून आला? एका भागाकाराचा प्रकरण अभ्यास

आयआयटी-जेईईच्या २०१० सालच्या पहिल्या पेपरात गणिताचा एक प्रश्न होता. अंशात क्ष⁴(१ − क्ष)⁴, छेदात १ + क्ष², आणि या फलनाचं ० ते १ या मर्यादांमधलं निश्चित संकलन काढायचं. पर्याय चार: २२/७ − पाय, २/१०५, ०, आणि ७१/१५ − ३पाय/२. बरोबर उत्तर पहिलं.

प्रश्न तेव्हाही नवा नव्हता. डी. पी. डाल्झेल यांनी हे संकलन १९४४ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात मांडलं होतं, आणि अमेरिकेतल्या पुटनम स्पर्धेत १९६८ साली पेपरची सुरुवातच त्याने झाली होती. त्याचं आकर्षण उघड आहे. ० आणि १ च्या दरम्यान अंश धन, छेदही धन. तेव्हा संकलन धनच येणार. म्हणजे २२/७ − पाय ही संख्या शून्यापेक्षा मोठी, आणि २२/७ पायपेक्षा किंचित जास्त. शाळेत त्रिज्या ७, १४ नाही तर २१ सेंमी देऊन ज्या २२/७ शी आपली गाठ घालून दिली जाते, त्याच्याबद्दलची ही सिद्धता दोन ओळींत मावते. आर्किमिडीजने हीच वरची मर्यादा ९६ बाजूंच्या बहुभुजाकृतीवरून काढली होती.

पण इथे पायची थोरवी सांगायची नाही. या संकलनाचा जीव भागाकारात आहे आणि भागाकाराचा जीव कोटीत, म्हणजे चलाच्या सर्वांत मोठ्या घातांकात. एकही पद न भागता, नुसत्या कोट्या पाहून, उत्तराच्या छेदात ७ येणार हे सांगता येतं. ते कसं, आणि कोटीकडे दुर्लक्ष केलं तर नेमकं काय बिघडतं, एवढाच या प्रकरणाचा विषय.

आधी कोटी

छेदात १ + क्ष² दिसला की क्लासमधल्या बहुतेक मुलांचा हात आपोआप 'क्ष = टॅन थीटा' लिहितो. सवयच तशी लागलेली असते. त्या वाटेनेही उत्तर येतं, पण टॅनच्या आठव्या घातापर्यंतची पदं सांभाळत बसावं लागतं. त्याआधी अंश आणि छेद यांची उंची पाहिली तर ही वाट धरायची गरजच उरत नाही.

बहुपदीतल्या चलाचा सर्वांत मोठा घातांक म्हणजे तिची कोटी; हे नववीत झालेलं असतं. गुणाकारात कोट्यांची बेरीज होते. क्ष⁴ ची कोटी ४, (१ − क्ष)⁴ ची कोटी ४, म्हणून अंशाची ८. हेच दुसऱ्या बाजूने पडताळता येतं. क्ष⁴(१ − क्ष)⁴ म्हणजे (क्ष − क्ष²)⁴. आत कोटी २ ची बहुपदी, बाहेर चौथा घात. एका फलनाच्या पोटात दुसरं फलन घातलं की कोट्यांचा गुणाकार होतो: २ × ४ = ८. दोन्ही हिशेब जुळले.

बेरीज-वजाबाकी मात्र इतकी सरळ वागत नाही. क्ष⁴ + (१ − क्ष)⁴ ची कोटी ४ राहते. पण क्ष⁴ − (१ − क्ष)⁴ सोडवलं तर ४क्ष³ − ६क्ष² + ४क्ष − १ मिळतं, कोटी ३. दोन्हीकडची क्ष⁴ ची पदं एकमेकांना खाऊन गेली. म्हणून बेरजेची किंवा वजाबाकीची कोटी 'दोघांतली मोठी' असं ठोकून देऊ नये. 'मोठीपेक्षा जास्त नाही' एवढंच खात्रीने म्हणता येतं, आणि ती घसरण्याची शक्यता दोन्ही कोट्या सारख्या असतानाच असते. गुणाकारात ही घसरण होत नाही, कारण दोन शून्येतर वास्तव सहगुणकांचा गुणाकार शून्य होऊ शकत नाही.

ही घसरण भागाकाराच्या मात्र कामाची आहे. बहुपदींचा भागाकार म्हणजे दर पायरीला भाजकाला अशा पदाने गुणणं, की भाज्याचं अग्रपद, म्हणजे सर्वांत मोठ्या घाताचं पद, वजाबाकीत उडून जावं. प्रत्येक पायरीला कोटी निदान एकाने उतरते, आणि ती भाजकाच्या कोटीखाली गेली की थांबायचं. आपल्याकडे भाज्याची कोटी ८, भाजकाची २. म्हणून भागाकाराची कोटी ६, आणि बाकी जास्तीत जास्त कोटी १ ची, म्हणजे 'अक्ष + ब' अशा रूपाची. पुस्तकात 'बाकी शून्य असते किंवा तिची कोटी भाजकाच्या कोटीपेक्षा लहान असते' असं लांबलचक वाक्य असतं. त्यातलं 'शून्य असते किंवा' अनेकांना भरताड वाटतं. तसं नाही. −४ या स्थिर बहुपदीची कोटी ० असते, पण शून्य बहुपदीची कोटी ठरवताच येत नाही, म्हणून तिची वेगळी सोय करावी लागते.

आता संकलनाकडे बघू. भागाकाराचं पहिलं पद क्ष⁶, सहगुणक १. संकलन केलं की क्ष⁷/७, आणि ० ते १ मध्ये त्याची किंमत १/७. बाकीच्या पदांच्या कोट्या ५, ४, ३, २, १, ०. त्यांच्या संकलनात छेद येतील ६, ५, ४, ३, २, १. यांतल्या एकालाही ७ ने भाग जात नाही. तेव्हा सहगुणक काहीही येवोत, बेरीज झाल्यावर छेदातला ७ कोणी पुसू शकत नाही. २२/७ मधला ७ हा असा ८ − २ + १ आहे.

उरली बाकी. (अक्ष + ब) भागिले (१ + क्ष²) याचं ० ते १ मधलं संकलन करताना 'अ' चा भाग नैसर्गिक लॉग २ ची अ/२ पट देतो आणि 'ब' चा भाग पायची ब/४ पट. म्हणजे भागाकार सुरू करण्याआधीच उत्तराचा साचा तयार आहे: छेदात ७ असलेली एक परिमेय संख्या, अधिक लॉग २ चा काही भाग, अधिक पायचा काही भाग. शेवटचे दोन भाग किती, ते पूर्णपणे बाकीच्या हाती.

प्रत्यक्ष भागाकार

अंशाचा विस्तार क्ष⁸ − ४क्ष⁷ + ६क्ष⁶ − ४क्ष⁵ + क्ष⁴ असा होतो. सहगुणक रूपात तो लिहायचा तर १, −४, ६, −४, १ यांच्यापुढे आणखी चार शून्यं मांडावी लागतात, कारण क्ष³, क्ष², क्ष आणि स्थिरपद इथे नाहीत. कोटी ८ च्या बहुपदीला नऊ सहगुणक हवेतच.

नववीत शिकलेली संश्लेषक भागाकाराची पद्धत क्ष − अ सारख्या रेषीय भाजकासाठी असते. ती १ + क्ष² ला जशीच्या तशी लावायला गेलं तर फसगत होते. पण याच कल्पनेची वाढीव आवृत्ती इथे सुरेख चालते. भाजकात क्ष चं पद नाही आणि क्ष² चा सहगुणक १ आहे. त्यामुळे नियम एवढाच: भागाकाराचा नवा सहगुणक हवा असेल तर भाज्याचा त्या जागचा सहगुणक घ्या आणि त्यातून भागाकारातला दोन घरं मागचा सहगुणक वजा करा.

पहिला १. दुसरा −४. तिसरा ६ − १ = ५. चौथा −४ − (−४) = ०. पाचवा १ − ५ = −४. सहावा ० − ० = ०. सातवा ० − (−४) = ४. इथे भागाकाराची सात घरं, म्हणजे कोटी ६ ते ०, भरली. उरलेल्या दोन घरांत बाकी: क्ष चा सहगुणक ० − ० = ०, स्थिरपद ० − ४ = −४.

भागाकार क्ष⁶ − ४क्ष⁵ + ५क्ष⁴ − ४क्ष² + ४, बाकी −४.

भागाकाराचं संकलन: १/७ − ४/६ + ५/५ − ४/३ + ४. मधले −२/३ आणि −४/३ मिळून −२. १ आणि ४ मिळून ५. म्हणून सगळं ३ + १/७, म्हणजे २२/७. बाकीचं संकलन −४ × पाय/४ = −पाय. संपलं.

यात थोडा योगायोगही आहे, तो लपवायला नको. छेदात ७ येणार हे ठरलेलं होतं. पण त्याच्या जोडीला ३ आणि ५ सुद्धा राहू शकले असते. क्ष⁴ चा सहगुणक नेमका ५ निघाला म्हणून छेदातला ५ गेला, आणि दोन तृतीयांशवाले एकमेकांत मिसळून पूर्णांक झाले म्हणून ३ गेला. कोटीने ७ ची हमी दिली, बाकीची सफाई सहगुणकांनी केली.

शून्यं विसरली तर

या प्रश्नातली सर्वांत शिकवणारी चूक ही आहे. १, −४, ६, −४, १ एवढेच पाच सहगुणक मांडून त्यांनाच भागलं, तर भागाकार १, −४, ५ येतो आणि बाकी ०, −४. बाकी तीच! पायचा भाग बरोबर, लॉगचा भाग बरोबर. त्यामुळे सोडवणाऱ्याला शंका येण्याचं कारणच उरत नाही. पण भागाकार क्ष² − ४क्ष + ५ असा दोनच कोटीचा झाला, आणि उत्तर येतं १/३ − २ + ५ − पाय, म्हणजे १०/३ − पाय.

कोटी आधी काढून ठेवली असती तर चूक तिथल्या तिथे पकडली गेली असती: भागाकार कोटी ६ चा हवा, हातात कोटी २ चा आहे. पेपरातल्या चार पर्यायांत १०/३ − पाय नव्हता, एवढं नशीब.

बरं, बाकी तीच का आली? शून्यं विसरणं म्हणजे क्ष⁴ हा गुणक विसरून नुसत्या (१ − क्ष)⁴ ला भागणं. बाकीच्या दृष्टीने क्ष⁴ आणि १ यांत फरकच नाही, कारण क्ष⁴ − १ = (क्ष² + १)(क्ष² − १), म्हणजे या दोघांतला फरक भाजकाच्या पटीत आहे. मग क्ष⁴ ने गुणून मिळालं काय? त्याने बाकीला धक्का न लावता भागाकाराची कोटी चारने चढवली, आणि ० ते १ मध्ये फलनाला पार चेपून टाकलं. १०/३ − पाय साधारण ०.१९ आहे, २२/७ − पाय साधारण ०.००१३. पाय १०/३ पेक्षा लहान आहे ही माहिती खरीच, पण कोणाच्या उपयोगाची? १०/३ चं २२/७ करणं हे त्या क्ष⁴ चं काम.

भाग न देता बाकी

भाज्य = भाजक × भागाकार + बाकी. यात क्ष² च्या जागी −१ ठेवलं की भाजक शून्य होतो आणि उरते ती बाकी. रेषीय भाजकासाठी आपण जो शेष सिद्धान्त वापरतो त्याचाच हा मोठा भाऊ. क्ष² = −१ म्हणून क्ष⁴ = १. (१ − क्ष)² = १ − २क्ष + क्ष² = −२क्ष. त्याचा वर्ग ४क्ष² = −४. बाकी −४. एवढंच.

परीक्षेत याचा फायदा थेट आहे. बाकी −४ म्हणजे अ = ० आणि ब = −४; उत्तरात लॉग नाही आणि पायचा सहगुणक −१. शून्य हा पर्याय धन फलनामुळे आधीच बाद. २/१०५ च्या छेदात ७ आहे, पण पाय नाही. पाय अपरिमेय असल्यामुळे तो परिमेय संख्येत विरघळून जाऊ शकत नाही, म्हणून हाही बाद. ७१/१५ − ३पाय/२ साठी बाकी −६ लागली असती, शिवाय १५ ला ७ ने भाग जात नाही. राहिला एकच. भागाकारातला एकही सहगुणक न काढता हे झालं.

आकारमानावरूनही हेच निघतं. ० ते १ मध्ये छेद १ ते २ यांच्या दरम्यान असतो, तेव्हा हे संकलन नुसत्या क्ष⁴(१ − क्ष)⁴ च्या संकलनाच्या निम्म्याहून जास्त आणि पूर्णाहून कमी. ते पूर्ण संकलन १/६३० आहे. म्हणून २२/७ − पाय ही संख्या १/१२६० आणि १/६३० यांच्या मध्ये. २/१०५ म्हणजे १२/६३०, बारा पट मोठी. चौथा पर्याय साधारण ०.०२१, तोही तसाच भलामोठा. आणि जाता जाता पायला दोन बाजूंनी कुंपण पडलं: तो ३.१४१२ पेक्षा मोठा आणि ३.१४२१ पेक्षा लहान.

चौथाच घात का

क्ष(१ − क्ष) चा पहिला, दुसरा, तिसरा घात घेऊन हेच केलं तर? क्ष² = −१ ठेवल्यावर क्ष − क्ष² चं १ + क्ष होतं, म्हणून बाकी म्हणजे (१ + क्ष) चे घात, दर वेळी क्ष² च्या जागी −१ लिहून. पहिल्या घाताला बाकी क्ष + १. उत्तरात लॉग आणि पाय दोन्ही. दुसऱ्या घाताला बाकी २क्ष. आता पाय गायब. तिथे भागाकार क्ष² − २क्ष, आणि संकलन लॉग २ − २/३. म्हणजे लॉग २ हा २/३ पेक्षा मोठा, अशी वेगळीच बातमी हाती लागते. तिसऱ्याला बाकी २क्ष − २. पुन्हा दोघांची खिचडी, ५३/६० + लॉग २ − पाय/२. चौथ्याला −४. लॉग निघून जाऊन एकटा पाय राहायचा तर घात ४ च्या पटीत हवा, आणि त्यातला सर्वांत लहान ४. डाल्झेल यांच्या संकलनातले दोन्ही ४ घातांक हौसेने निवडलेले नाहीत.

बाकी −४ वर आपण थांबलो, कारण −४ ची कोटी भाजकाच्या कोटीपेक्षा लहान. हट्टाने पुढे भागायचंच म्हटलं तर पदं चढत्या क्रमाने मांडावी लागतात: १ भागिले १ + क्ष² म्हणजे १ − क्ष² + क्ष⁴ − क्ष⁶ + … हा भागाकार कधीच संपत नाही, कारण आता दर पायरीला बाकीची कोटी उतरण्याऐवजी चढते. त्याचं पदापदाने संकलन केलं की १ − १/३ + १/५ − १/७ + … ही पाय/४ ची मालिका मिळते, केरळातल्या माधवाच्या नावाने ओळखली जाणारी. ती खरी आणि देखणी आहे, पण फार सावकाश चालते. नुसती पदं मिळवत गेलं तर २२/७ इतकी अचूकता गाठायला आठशेच्या आसपास पदं लागतात.

उतरत्या क्रमाच्या वाटेने पुढे जायचं तर घात ८ घ्यावा. अंशाची कोटी १६, भागाकाराची १४, आणि बाकी −४ चा वर्ग, म्हणजे १६. पायचा सहगुणक ४ झाला, आणि यावेळी चिन्ह धन. संकलन ४पाय − १८८६८४/१५०१५ असं येतं, म्हणून पाय ४७१७१/१५०१५ पेक्षा मोठा. चौथ्या घाताने वरून मर्यादा घातली होती, आठव्याने खालून. बाराव्याला बाकी −६४, म्हणजे पुन्हा वरून. १५०१५ म्हणजे ३ × ५ × ७ × ११ × १३, आणि कोटी १४ च्या भागाकाराचं संकलन करताना छेद १ ते १५ असेच येत असल्यामुळे त्यात १३ पेक्षा मोठा मूळ अवयव येणारच नव्हता.

हा अपूर्णांक पायपेक्षा दहा लाखांश भागानेसुद्धा कमी नाही. तरी सौदा महागच. चीनच्या झू चोंगझीने पाचव्या शतकात दिलेला ३५५/११३ याहून जास्त अचूक आहे, आणि त्याचा छेद अवघा तीन अंकी. ११३ ही मूळ संख्या आहे. तेव्हा क्ष(१ − क्ष) च्या घातांना १ + क्ष² ने भागून छेदात ११३ आणायचा तर भागाकाराची कोटी निदान ११२ लागेल. भागाकाराची कोटी घाताच्या दुपटीहून दोनने कमी असते, म्हणून घात निदान ५७. आणि लॉग टाळायचा तर ४ ची पुढची पट, म्हणजे ६०.